उमेच्या पथ्याचा निर्णय

२ सप्टेंबर, मंगळवार

आज डा. (डायलिसिस. दर वेळी पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा). मंगळ, गुरु, शनि असे तीन वार. मुलगा माधव मैदागिनच्या चौकात गाडी घेऊन थांबतो, तिथवर गल्लीतून चालत. ही तीन वेळा टेकली. तिसऱ्यांदा एका ओट्यावर बसलीच. म्हटलं, "अशी बसत राहिलीस तर मशीन दुसऱ्याला देतील." उठली. बोलल्याशिवाय उठत नाही.

डॉक्टर पोरगेला, बोलणं मात्र आजोबांचं. "पंडितजी, माताजी का अल्ब्युमिन फिर गिरा है. ऐसे ही चला तो दो-तीन महीने, बस." अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन. मग ते वाढवायची यादी सांगितली. अंड्याचा पांढरा भाग, मासा, कोंबडी. म्हटलं पनीर देतो, डाळ देतो. तर म्हणे एकाने फॉस्फरस चढतं, दुसऱ्याने पोटॅशियम, आणि दोन्ही यांना विष. म्हटलं आम्ही दक्षिणी ब्राह्मण, काशीत दूधविनायकावर सात पिढ्या वेद. तो म्हणाला, "तो आप ही तय कर लीजिए."

हिने डॉक्टरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत बसली.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी विचारलं, काय करायचं. म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं. शास्त्रात चालतं म्हणालात तर नाक दाबून गिळेन. नाही म्हणालात तर नाही."

चव्वेचाळीस वर्षं हेच वाक्य. पूर्वी ऐकून बरं वाटायचं. आता वाटतं, बाईने माझ्या गळ्यात धोंडा बांधलाय आणि वर नमस्कार करतेय.

पाण्याचं माप माझ्याकडे. दिवसाला पाच फुलपात्री. दुपारी सहावं मागितलं, दिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "बरंय, तेवढंच बाहेर गेलं." हे बोलायला नको होतं, पण बोललो खरा.

बाहेरच्या खोलीत आज एकही माणूस नाही. पितृपक्ष लागला की रांग लागेल. कुणाच्या श्राद्धाला कोण चालतं, कोण नाही, दत्तक गेलेल्याने पिंड द्यावा का, एकेकाच्या शंका. मी तोंडी सांगतो, कच्चं लिहितो, व्यवस्थापत्राची, म्हणजे लेखी निर्णयाची, पक्की प्रत हीच काढते. माझा हात कापायला लागल्याला दहा वर्षं झाली. हिचं अक्षर छापल्यासारखं. लोक माझं म्हणून कौतुक करतात, मी करू देतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

डा.च्या ठिकाणी माधवची बायको आली. बंगालीण. दुसऱ्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, म्हणजे लोकांनी काय गिळावं हे सांगायचा पगार घेते. मला लांबूनच नमस्कार केला. कागद माधवच्या हातात दिला, माधवने माझ्या.

हाताने आखलेला तक्ता, शंभर ग्रॅम शिजलेल्या मांसाचा. कोंबडीची छाती, कातडी काढून: प्रथिनं तीसच्या आसपास, चरबी थोडकी. बोकडाचं बिनचरबीचं मांस: सत्तावीसच्या घरात, चरबी लोकांना वाटते त्याहून कमी. रोहू: वीस-बावीस, पचायला सगळ्यांत हलका. अंड्याचा पांढरा: अकरा, पण फॉस्फरस जवळजवळ नाही. शेवटच्या रकान्यात फॉस्फरस. रोहूभोवती पेन्सिलीने गोल केलाय, बाजूला "नरम, आई चबा सकेंगी". कारण अंड्याच्या नुसत्या वासानेच हिला मळमळतं, हे माधवकडून कळलं असणार. आणि तळाशी वेड्यावाकड्या मराठीत: "आई, तुम्हाला जे जमेल ते."

"जमेल" मधला ज दोनदा गिरवलाय. सहा वर्षांत मराठी एवढंच शिकली.

हिने तक्ता घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. सरकारी कागद ठेवतात तसा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ब्रह्माघाटावर गेलो. पाणी अजून वरच्या पायऱ्यांवर, खाली चिखल. जपात मन लागेना, बसल्या बसल्या तक्ते जुळवत बसलो.

आमच्याकडेही तक्ता आहे. हिच्या सुनेच्या आजोबांच्या आजोबांहून जुना. श्राद्धात कोणतं मांस दिलं तर पितर किती काळ तृप्त राहतात, स्मृतीत ओळीने सांगितलंय. मासा दोन महिने, हरीण तीन, मेंढा चार, पक्षी पाच, बोकड सहा. असं चढत चढत गेंड्यापाशी अनंत काळ. बंगालीण प्रथिनं मोजते, आम्ही महिने मोजत होतो. दोन्हीकडे बोकड माशाच्या वर. पक्षी नि बोकडाचा क्रम मात्र उलटा, पण तिथला पक्षी रानातला. गावातली कोंबडी आमच्याकडे निषिद्धच, तिचा प्रश्नच मिटला. आणि आता तर श्राद्धात मांसच नाही, त्याच्या जागी उडदाचे वडे.

हसू आलं. मग हसू गेलं.

कारण रोहू. रोहित मासा स्मृतीत नावानिशी आहे, खाण्यायोग्य म्हणून. आणि जिवावर बेतलं असता मांस खाल्ल्याने दोष नाही, हेही स्वच्छ लिहिलंय. शोधायला पोथी उघडावी लागत नाही, सोळाव्या वर्षापासून पाठ आहे.

कधी तरी लिहायचंच होतं, आज लिहून टाकतो. सहा वर्षांपूर्वी ती बंगालीण इथे, याच घरात राहत होती. सातवा महिना, रक्त कमी, वजन उतरलेलं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मासा सांगितला. तिने गच्चीवर वेगळी शेगडी मांडून रोहू उकडला. मी घाटावरून येत होतो, जिन्यातच वास आला. दुपारपर्यंत तिची बॅग गल्लीत होती. ही माझ्यामागे देवघरात आली. "बाळंत व्हायची बाई आहे हो. शास्त्रात काहीच सूट नाही का?" मी म्हटलं, "नाही. एक ओळही नाही."

ओळ होती. तेव्हाही पाठ होती. शास्त्राचा काही संबंधच नव्हता. मला वास सहन झाला नाही, आणि मला न विचारता माझ्या घरात शेगडी पेटली ते सहन झालं नाही.

जुई दिवस भरायच्या आधी झाली. महिनाभर काचेच्या पेटीत होती. जगली. हिने नातीला पाहिलं ते लोकांच्या लग्नामुंजीत, हॉलच्या कोपऱ्यात.

आता "चालतं" म्हटलं की ही विचारणार, कधीपासून?

६ सप्टेंबर, शनिवार

डा.हून येताना माधवला काम होतं, रिक्षा केली. म्हटलं, "मांस कलियुगात वर्ज्य आहे. संपला विषय."

ही म्हणाली, "ते श्राद्धापुरतं ना?"

रस्त्यात संतापलो. "तू मला शिकवणार? जन्म गेला पोळ्या लाटण्यात." रिक्षावाला वळून बघायला लागला. ही घरी येऊन पोळ्या लाटायला बसली, दोन झाल्या आणि लाटणं हातातून सुटलं. मनगटं काडीसारखी झालीत. उरलेल्या मी लाटल्या. नकाशे झाले. एकही खाल्ली नाही तिने.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष सुरू. पहाटेपासून माणसं. नागपूर, सोलापूर, इंदूर. ज्याला त्याला आपला बाप स्वर्गात पोचल्याची पावती पाहिजे. घसा बसला.

हिचं डा.नंतरचं वजन दर खेपेला उतरतंय. माधवला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही हो म्हणा, बाकी सगळं आम्ही करतो." म्हटलं, "बाकी सगळं म्हणजे तुझ्या बायकोला पुन्हा चुलीपाशी बसवणं ना?" त्याने फोन ठेवला. बापाचा फोन आधी ठेवायचा नसतो, हेही मीच शिकवायला हवं होतं.

१० सप्टेंबर, बुधवार

एक बँकवाले आले. इथे बदलीवर, मूळचे अमरावतीकडचे. वडील गेल्या वर्षी गेले. पोटाचा कर्करोग होता, शेवटचे चार महिने डॉक्टरांनी माशाचं पाणी दिलं. आता चुलते म्हणतात, तो भ्रष्ट होऊन मेला, त्याचं श्राद्ध घराण्याच्या पंक्तीत नको. माणूस माझ्यासमोर मांडी घालून रडला.

बाहेरच्या खोलीत आणखी तिघे बसलेले. एक प्रयागचे वैदिक, माझ्या बरोबरीचे. शास्त्र खोटं सांगता आलं नाही. सांगितलं. जिवावर बेतलं असता दोष नाही, रोहित तर नावानिशी ग्राह्य, प्रायश्चित्ताचंही कारण नाही, श्राद्ध यथासांग करावं. चार वचनं ओळीने म्हटली. आवाज छान लागला होता. प्रयागकर म्हणाले, "वा, काशीत अजून निर्णय मिळतो." बँकवाल्याने पायांवर डोकं ठेवलं.

कच्चं लिहून रोजच्यासारखं टोपलीत टाकलं. टोपली हिची, पक्क्या प्रतीची. सवय. जेवताना आठवलं, घास तसाच राहिला. जाऊन पाहिलं तर टोपली रिकामी.

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रत तयार आहे. डा.च्या खुर्चीत लिहिली. डावा हात मशीनला, उजव्याने मांडीवर पाट ठेवून. चार तासांत पूर्ण. काना-मात्रेची चूक नाही.

"सही करा," एवढंच म्हणाली. मी केली. कापऱ्या हाताची ती सही तिच्या अक्षराखाली भिकाऱ्यासारखी दिसते. बँकवाला संध्याकाळी कागद घेऊन गेला.

हिने काही विचारलं नाही. मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी ओरडलो असतो, ओरडून मोकळा झालो असतो. तीही सोय ठेवली नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अजून काही नाही. पाणी मागते, औषधाची वेळ सांगते, भाजीत मीठ नको म्हणते. चेहरा रोजचा. मीच चोरासारखा घरात फिरतोय. दुपारी मुद्दाम म्हटलं, "त्या बँकवाल्याची गोष्ट वेगळी होती, तो माणूस मेलेला होता." म्हणाली, "हो ना. मेल्यावर तुमच्याकडे फार सवलती."

सरळ सुरात म्हणाली. टोमणा मारताना तरी आवाज बदलावा माणसाने.

१४ सप्टेंबर, रविवार

वडिलांचं श्राद्ध, अष्टमी. स्वयंपाकाला शेजारच्या काकू. ही स्टुलावर बसून नुसतं सांगत होती, वड्याला भोक मोठं पाड, तेल कमी तापलंय. पाय सुजून लाकडासारखे झालेत. पिठात बोट घालून बघायला वाकली ती वाकलीच. काकूंनी धरून उचललं. काकू मला म्हणाल्या, "हलकी झाली हो पोर." सत्तरीला आलेल्या बाईला पोर म्हणतात. मी लक्ष दिलं नाही, हातात दर्भ होते.

पिंड झाल्यावर माधवने कोपऱ्यात गाठलं. सोवळ्यातच होता. "बाबा, बँकवाल्याचा कागद आईने मला वाचून दाखवला. मग आईला का नाही?"

"तुझ्या बायकोला जिंकायचंय. तिला सांग, जिंकलीस."

"तिला काय जिंकायचंय? जुईला घेऊन खाली गल्लीत उभी आहे. पोरीला आजी बघायचीय. पाच मिनिटं."

"श्राद्धाच्या दिवशी नाही."

"सुंभ जळतोय बाबा, पीळ सांभाळा तुमचा." असं म्हणाला आणि वडे न खाता गेला. पंगत अर्धी राहिली.

ही खिडकीशी गेली होती. दोन्ही हातांनी गज धरून उभी. खालून पोरगी ओरडत होती, "आजी, हम आए हैं. आजी, ऊपर आएँ?" हिने हात हलवला. मग तोच हात हलवून जा म्हणाली. मी पाटावर बसून राहिलो. उठून जिन्याचं दार उघडायला दहा पावलं. नाही उठलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध. आज दोन घरी जाऊन आलो. परतलो तर ही खाटेवर बसलेली, वेणी घातलेली, कुंकू ठसठशीत.

म्हणाली, "पुढल्या वर्षी आजच्या दिवशी माझं. काकूंना सांगून ठेवा, वडे मऊ करायला. तुम्हाला दात राहिले नाहीत."

म्हटलं, "अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? सवाष्ण जाणार. लोक ओटी भरायला रांग लावतील."

मग मीच बोललो. दम निघेना. म्हटलं, "तो कागद वाचलास तू. विचार काय विचारायचं ते. सहा वर्षांपूर्वी खोटं बोललो मी. झालं समाधान?"

ती म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं."

मला काही समजेना. तिने सांगितलं. माधवची बायको घरात आली त्याच्या दोन वर्षं आधी एका रेल्वेतल्या गार्डच्या आईसाठी मी असाच निर्णय दिला होता. क्षय झाला होता, अंडी दिली होती. तीच चार वचनं. प्रत हिने काढली होती. मी विसरलो. रोज दहा शंका येतात, कुठवर लक्षात ठेवणार. तिने एकही प्रत विसरलेली नाही.

"म्हणजे देवघरात मला विचारलंस तेव्हा..."

"तेव्हा मला ठाऊकच होतं. तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं."

"मग बोलली का नाहीस? तिची बॅग मी गल्लीत टाकत होतो तेव्हा?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. एक दिवस, दोन दिवस. मग पोरगी पेटीत होती तेव्हा वाटलं, आता बोलतील. मी भित्री, माझं पाप मला आहे. पण तोंडून काढायचं तुमच्या होतं." जरा दम घेतला. "आताही थांबलेय. बघू कोण आधी संपतं."

शेवटचं वाक्य हसून म्हणाली. हिच्याइतकी क्रूर बाई मी पाहिलेली नाही. आणि हे मी कुणापाशी बोलू?

१६ सप्टेंबर, मंगळवार

डा. अर्ध्यात थांबवलं. रक्तदाब एकदम खाली, शुद्ध गेली. पाय वर केले, सलाईन लावलं, दहा मिनिटांनी डोळे उघडले. डॉक्टर माझ्याशी बोललाच नाही. माधवला बाजूला घेऊन बोलला, मला काचेतून दिसत होतं. अल्ब्युमिन आणखी खाली.

मी हिच्या कानाशी म्हटलं, "खा. मी सांगतो. खा मासा."

डोळे मिटूनच म्हणाली, "इथे नाही. जिला नाही म्हणालात तिच्यापुढे."

१७ सप्टेंबर, बुधवार

एकादशी. मी निर्जळ. हिला फुलपात्रं भरून देताना आज सहावं दिलं. तिने मोजून परत केलं. "नियम म्हणजे नियम," म्हणाली. माझंच वाक्य.

माधवला फोन केला. म्हटलं, उद्या डा. झालं की तिला घेऊन ये. कुणाला? असं विचारलं त्याने. माझ्या तोंडून नाव काढायचं होतं त्याला. सहा वर्षांत घेतलं नव्हतं. मिताली म्हटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार, दुपार

आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी, उंबऱ्याच्या बाहेर. चप्पल हातात. सोबत स्टीलचा डबा. जुईला आणलं नाही. म्हणाली, "पहले आप लोग बात कर लीजिए, बाबा. बच्ची के सामने नहीं." माझ्या सुनेला माझी ओळख चांगली आहे.

ही खाटेवर टेकून. डबा तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. हळद-मीठ लावून उकडलेला रोहू, काटे काढलेला. मीठ नावापुरतं. वास आला. तोच वास. जागचा हललो नाही.

मी मितालीकडे बघून म्हटलं, "शास्त्रात चालतं. आईंना खाऊ दे."

हिने डबा उघडला नाही. "तोंडी नाही. लोकांना लिहून देता, हिलाही लिहून द्या. दोन ओळी. पहिली, जिवावर बेतलं असता चालतं. दुसरी, सहा वर्षांपूर्वीही चालत होतं आणि तुम्हाला ते माहीत होतं. खाली सही." आणि म्हणाली, "याची प्रत मी काढणार नाही. तुमच्या हाताने लिहा."

मिताली म्हणाली, "आई, रहने दीजिए ना. आप खा लीजिए, बस. मुझे कुछ नहीं चाहिए."

"तुला नको असेल. मला पाहिजे."

माधव भिंतीला टेकून. कागद, दौत, पाट, सगळं त्यानेच आणून माझ्यापुढे ठेवलं.

पहिली ओळ लिहिली. अक्षर कापरं, पण वाचता येतं. हिने कागद डोळ्यांशी नेऊन वाचला, परत दिला. "दुसरी?"

म्हटलं, शाई वाळते जरा. बाहेरच्या खोलीत आलो. या वहीत मात्र हात बरा चालतोय, पानभर लिहून झालं. कागद इथेच आहे, शेजारी. आतून एकदा चमचा वाजला, मला वाटलं खायला लागली. दारातून पाहिलं. मितालीने चमचा उचलून तोंडापाशी नेला होता, हिने तोंड फिरवलं होतं.

आता ऊन खिडकीवरून गेलं. माधवने विचारलं, "बाबा, झालं?" मी म्हटलं, लिहितोय.